माळाचे माप

आमचे थोरले काका जमीन एकरांत मोजीत नसत. "किती तितरांचं रान?" हा त्यांचा प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधने आली, १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले. तेव्हा काकांनी ठासणीची बंदूक जमा केली. रान जोखायची खोड मात्र राहिली.

उजाडताना बांधावर मुकाट बसायचे आणि तितरे किती ठिकाणांहून बोलतात ते बोटांवर मोजायचे, हे त्यांनीच मला शिकविले. नुसता मोठा माळ कामाचा नाही. चाळीस एकर उघडे गवत असले तरी पाखरू आडोशाविना टिकत नाही. बोरीबाभळीची जाळी, लगत बाजरीचे कापलेले रान, सशाची ताजी लेंडी आणि माघापर्यंत पाणी धरणारा ओढा एवढे असले, की दहा एकरांतही दोन थवे निघत. आणि जाताना तुडविलेल्या वाटेने परतावे लागू नये, एवढी लांबी हवी. (आमच्या शाळेच्या भूगोलात यातले काही नाही.)

गेल्या वर्षी मुलीच्या फीसाठी मी वडिलांच्या वाटचा चौदा एकर माळ विकायला काढला. सातबाऱ्यावर तो पोटखराबा. गिऱ्हाइकाने मोटारीतूनच पाहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका काठी टेकीत माझ्याबरोबर बांधावर आले. त्यांना आता ऐकू येत नाही.

"मोज रे," ते म्हणाले.

मी बराच वेळ कान देऊन बसलो. मग चार बोटे दाखविली.

"चार? वाईट नाही. ठेवण्याजोगा आहे."

इसाराचे पैसे माझ्या खिशातच होते.