अठ्ठेचाळीस तास

योक एकाच दिशेने ठेवून पुढे सरकणारा माणूस दिसला की मी त्याच्या हातातून तो काढून घेते. सौजन्य वगैरे नंतर बघता येतं. योक म्हणजे दोन पायांचा विद्युतचुंबक. पाय वेल्डच्या दोन बाजूंना टेकवायचे, बटण दाबायचं, आणि चुंबकीय रेषा पोलादातून एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे धावू लागतात. त्यांच्या वाटेत आडवा तडा आला तर तिथे त्या धातूबाहेर पडतात आणि वर सोडलेली लोखंडाची पूड नेमकी त्या जागी चिकटते. तडा रेषांना समांतर असेल तर मात्र पूड सरळ वाहून जाते. म्हणून प्रत्येक जागा दोनदा बघायची, दुसऱ्या वेळी योक काटकोनात फिरवून. हे काम कंटाळवाणं आहे, गुडघे दुखवणारं आहे, आणि पावसाळ्यात भोसरीच्या शेडमध्ये, पूड उठून दिसावी म्हणून मारलेला पांढरा पेंट घामाने अंगालाही लागतो.

मी लेव्हल टू आहे, म्हणजे तपासणी करून निकाल देण्याचा आणि रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार मला आहे. शॉपमध्ये मला 'एमटीवाल्या मॅडम' म्हणतात; एमटी म्हणजे हीच चुंबकीय तपासणी. सकाळी काम सुरू करण्याआधी योक साडेचार किलोचा ठोकळा उचलतो का ते बघायचं, पूड मिसळलेली इंक हलवून घ्यायची, आणि मग लोकांच्या नजरा चुकवत जॉबकडे जायचं. नजरा चुकवत अशासाठी, की मी येते तेव्हा डिस्पॅच थांबलेलं असतं आणि ते माझ्यामुळेच थांबलंय असं सगळ्यांना वाटत असतं.

एका जुलैतला जॉब क्रेनच्या बूमचा होता. बूमच्या पायाकडचे जाड ब्रॅकेट, उच्च ताकदीचं क्वेंच-टेम्पर केलेलं पोलाद, वेल्डिंगला ११०१८ रॉड. या पोलादाच्या वेल्डबाबत अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१.१ कोडमध्ये एक अट आहे: स्वीकृतीची तपासणी वेल्ड पूर्ण झाल्यावर किमान ४८ तासांनी करायची. आमच्या मंजूर प्रोसीजरमध्येही तेच होतं. प्रॉडक्शनच्या साहेबांना ती अट म्हणजे कुणीतरी एसीत बसून लिहिलेली वाटायची.

"मॅडम, आत्ताच बघून घ्या ना," ते दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले. "योक तोच, जॉब तोच. क्रॅक असेल तर आत्ताही दिसेलच की."

हे बोलणं ऐकायला बिनतोड आहे. अडचण एवढीच, की तडा तेव्हा असेलच असं नाही. रॉडच्या फ्लक्समध्ये ओल असेल तर आर्कच्या उष्णतेने पाण्याचा हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या धातूत शिरतो. अणू इतका लहान, की जोड थंड झाल्यावरही तो पोलादात हिंडत राहतो. वेल्डच्या कडेला, जिथे मूळ पत्रा तापून कडक आणि ठिसूळ झालेला असतो, तिथे तो साठत जातो. जोड आकसताना पडलेला ताण तिथे आधीपासून असतोच. मग कधी काही तासांनी, कधी दीड-दोन दिवसांनी पोलाद फाटतं. तोवर वेल्डर घरी गेलेला असतो, जॉबवर रंग चढलेला असतो, आणि घाई असेल तर जॉब ट्रेलरवर असतो.

साहेबांच्या समाधानासाठी मी बघितलं. पांढरा पेंट मारला, दोन्ही दिशांनी योक लावला. एका ठिकाणी काळपट पट्टा आला, पण तो पसरट, कडा नसलेला होता. वेल्डच्या काठाला पडलेल्या खोबणीत, म्हणजे अंडरकटमध्ये, पूड नुसती साचली की असं दिसतं. तिथे हलकं ग्राइंडिंग करून घेतलं, पुन्हा बघितलं, पट्टा गेला. बाकी सगळं स्वच्छ. साध्या कागदावर वेळ टाकली, 'प्राथमिक, स्वीकृतीसाठी नाही' असं लिहिलं आणि रिपोर्ट दिला नाही. साहेब ट्रेलरवाल्याशी फोनवर बोलत निघून गेले. त्यांनी गाडी तरीही बोलावलीच.

मुदत संपल्यावर मी पुन्हा बसले. ब्रॅकेटला आतून एक लहानसा स्टिफनर होता, त्याचा शेवट जिथे मूळ प्लेटला मिळतो त्या वेल्डच्या काठाला रेघ उमटली. अंडरकटसारखी नाही. बारीक, धारदार, मध्येच किंचित वळलेली, साधारण ३५ मिलिमीटर. पुसली, पुन्हा पेंट, पुन्हा इंक. तीच रेघ, त्याच जागी. योक फिरवला, नाहीशी झाली. पुन्हा आडवा धरला, परत आली. इतक्या शिस्तीत येणारी-जाणारी रेघ म्हणजे तडाच.

ज्यांनी तो जोड मारला होता ते मामा मागे येऊन उभे होते. सोलापूरकडचे, वेल्डिंगमध्ये केस पांढरे झालेले.

"ताई, हा माझ्या हातचा. परवा नव्हता ना?"

"नव्हता, मामा. मीच बघितलंय."

त्यांनी मान हलवली. वेल्डरला या प्रसंगी पहिली भीती असते ती हाताच्या बदनामीची. माझा तो साधा कागद त्यांच्या कामी आला. साहेबांनी मात्र तोच कागद माझ्यापुढे धरला: परवा नाही आणि आज आहे, म्हणजे दोनपैकी एक तपासणी चुकीची. मी म्हटलं, दोन्ही बरोबर आहेत, तपासणी त्या त्या वेळेपुरतं बोलते. हे त्यांना पटलं नाही. मग त्यांनी दुसरी बाजू लावून धरली: स्टिफनर किरकोळ आहे, मुख्य वेल्ड तर ठीक आहे ना?

किरकोळ वेल्डचं आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक उदाहरण सांगितलं होतं, ते तेव्हा मी त्यांना सांगितलं. २७ मार्च १९८०. उत्तर समुद्रात नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रातला अलेक्झांडर एल. कीलँड हा पाच पायांचा तरंगता प्लॅटफॉर्म, कामगारांच्या राहण्यासाठी वापरात असलेला. वादळात त्याचा एक पाय तुटला आणि प्लॅटफॉर्म उलटला. वर २१२ माणसं होती, त्यांतली १२३ गेली. तपासात तड्याचा उगम सापडला तो त्या पायाला जोडलेल्या एका ब्रेसवरच्या हायड्रोफोनच्या आधाराच्या वेल्डमध्ये. हायड्रोफोन म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारं उपकरण. त्याच्या आधाराला कुणी महत्त्वाचा भाग मानत नव्हतं. वेल्ड ६ मिलिमीटरचा. आणि तड्याच्या पृष्ठभागावर रंगाचे अंश मिळाले. म्हणजे प्लॅटफॉर्म समुद्रात जाण्याआधी, रंगारी ब्रश फिरवत होता तेव्हाच, तडा तिथे होता. रंगाची ती गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. साहेब ऐकून गप्प झाले, पण ट्रेलरच्या भाड्याचा विषय त्यांनी सोडला नाही, आणि तोही खोटा नव्हता.

मामांनी ग्राइंडर घेतला. थोडं घासायचं, पुसायचं, मी योक लावायचा. रेघ आखूड होत गेली, एकदा मध्येच तुटून दोन ठिपके झाले, मग सुमारे ५ मिलिमीटर खोलीवर गेली. गेली म्हणून लगेच थांबायचं नाही. आणखी थोडं घासून दोन्ही दिशांनी परत बघितलं.

दरम्यान कारणाचा शोध मामांनी स्वतःच लावला. ११०१८ रॉड ओव्हनमधून काढल्यावर उघड्या हवेत अर्ध्या तासाहून जास्त ठेवायचे नाहीत. म्हणूनच वेल्डरजवळ पोर्टेबल ओव्हन असतो. त्याची कॉइल जळालेली होती. लाल दिवा लागायचा, पण डबा थंड. बाहेर पाऊस, आणि जेवणाच्या सुट्टीभर रॉड त्या थंड डब्यात. तड्याचं हेच कारण असं शपथेवर मी सांगणार नाही. प्रीहीट, म्हणजे वेल्डआधी जोडाला दिलेली ऊब, कितपत टिकवला होता याच्या नोंदीही विरळच होत्या. पण मामांनी झाकणावर हात ठेवला आणि माझाही ठेवायला लावला. एवढ्यावर साहेबांनी नवा ओव्हन मागवला, तोही वाद न घालता.

दुरुस्ती नीट प्रीहीट देऊन झाली, नंतरही काही वेळ गरम ठेवली. घड्याळ पुन्हा शून्यावर. ट्रेलर रिकामा परत गेला.

तेव्हापासून त्या शॉपमध्ये वेल्ड संपल्याची तारीख आणि वेळ जॉबवरच खडूने लिहितात. साहेबांचे फोनही बदललेत. "मॅडम, ४८ तास शेवटच्या पासपासून धरायचे की हीटिंग काढल्यापासून?" मी सांगते, जॉब शेडच्या तापमानाला आल्यापासून. "म्हणजे अजून चार-पाच तास गेले!" मग पलीकडून कागद उलटल्याचा आवाज येतो, आणि ते म्हणतात, "बरं, मग गाडी रविवारी सांगतो. तुम्ही रविवारी याल ना?"