पाण्याच्या वाटेने घोड्याचा मुक्काम

चिखलदऱ्याच्या पठारावरून हिवाळ्यातील एखाद्या स्वच्छ सकाळी दक्षिणेकडे पाहिले, तर सातपुड्याची गाविलगड रांग एकाएकी संपते आणि तिच्या पायथ्यापासून वऱ्हाडचे काळे मैदान क्षितिजापर्यंत पसरलेले दिसते. मोटारीने येणाऱ्या प्रवाशाला हे मैदान म्हणजे दोन-अडीच तासांचा कंटाळवाणा रस्ता वाटतो. घोड्यावरून येणाऱ्याला मात्र तेच मैदान चार-पाच दिवसांचे होते, आणि त्या दिवसांत एकच प्रश्न त्याच्यासोबत चालत राहतो : आज संध्याकाळी जनावराला गोड पाणी कोठे मिळेल?

हा प्रश्न वऱ्हाडात विशेष बिकट आहे. पूर्णा नदी गाविलगडच्या डोंगरांत उगम पावते, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि शेवटी तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांवरील विस्तृत प्रदेशात जमिनीखालचे पाणी खारे आहे. शेतकरी या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. येथील शेकडो गावांत विहीर असूनही तिचे पाणी धड पिता येत नाही, आणि शेताला दिले तर काळी माती चोपण होते. अनोळखी, मचूळ पाण्याला घोडा तोंड लावत नाही. साधारण साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागते. ते मिळाले नाही, की पोटातील सुका चारा पुढे सरकत नाही आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही. त्यामुळे माणसाला किरकोळ वाटणारी पोटदुखी घोड्याच्या प्राणावर बेतू शकते. वऱ्हाडात घोडे नेमके कुठे पेंड खाते, ते हे असे आहे.

म्हणूनच या प्रदेशातील घोड्यांच्या जुन्या वाटा सरळ नाहीत. त्या पाण्याच्या मागे गेलेल्या आहेत. अकोल्याहून उत्तरेस निघालेला स्वार गांधीग्राम येथे पूर्णा ओलांडतो आणि खारपाणपट्टा शक्य तितक्या लवकर मागे टाकून अकोटच्या दिशेने सातपुड्याचा पायथा गाठतो. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्या-नद्यांमुळे पायथ्याच्या पट्ट्यात विहिरींना गोड पाणी आहे. अकोट, अंजनगाव सुर्जी, अचलपूर आणि परतवाडा ही गावे एकामागून एक या पट्ट्याच्या आधाराने वसलेली दिसतात. अंजनगावचे पानमळे आणि पानपिंपळीचे वाफे हीच साक्ष देतात, कारण विड्याच्या वेलीला खारे पाणी सोसत नाही.

इतिहासानेही ही वाट ओळखली होती. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोटजवळच्या आडगाव येथे नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजांची इंग्रजांशी लढाई झाली. त्यानंतर आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या पलटणी पायथ्याच्या कडेनेच एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, आल्या. ७ डिसेंबरला स्टीव्हन्सन अवजड तोफा घेऊन डोंगरातील आडवाटेने निघाला आणि १२ डिसेंबरला गाविलगडाच्या उत्तर बाजूस पोहोचला. अवघ्या तीस मैलांच्या वाटेला इतके दिवस लागले, कारण रस्ता तोडून तयार करावा लागत होता. १५ डिसेंबरला गड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता धारातीर्थी पडला. महिनाअखेरीस अंजनगाव सुर्जी येथे शिंद्यांशी तह झाला. या मोहिमेची वर्णने तोफा आणि तलवारी यांनी भरलेली असतात. परंतु हजारो घोडे आणि बैल रोज काय खात होते, कोठे पीत होते, हा हिशेब चुकता तर एकही तोफ डोंगरावर चढली नसती. त्या काळच्या फौजांना धान्य पुरविणारे बंजाऱ्यांचे तांडे आणि वाटेवरचे पाणवठे, हीच त्या लढायांची अदृश्य बाजू होय.

आज घोड्यासह मुक्काम करण्याची रीत जगाच्या काही भागांत हौसेचा प्रवास म्हणून जोपासली जाते. अमेरिकेतील अनेक राज्य उद्यानांत रपेटीच्या वाटांलगत खास तळ आखलेले असतात. तेथे घोडे बांधण्यासाठी खुंट व कुंपणे, पाण्याचे हौद आणि लीद टाकण्याची ठरलेली जागा असते. तेथील अनेक सार्वजनिक वनांत तर तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचे प्रमाणित गवतच आणावे लागते. परके तण रानात पसरू नये, हा त्यामागील हेतू. वऱ्हाडात असे आखीव तळ नाहीत. मात्र ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. पुणे, सातारा, सोलापूर या भागांतील भटके धनगर आजही मेंढरांसह वर्षातील बरेच महिने वाटेवर असतात आणि त्यांचा संसार घोड्यांच्या पाठीवर चालतो. पालाचे कापड, भांडी, कोंबड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे वाहणारा त्यांचा काटक भीमथडी घोडा अलीकडेच स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदला गेला आहे. रोज नव्या शेतात तळ देणाऱ्या या कुटुंबांना घोड्याचा मुक्काम पुस्तकातून शिकावा लागलेला नाही.

पूर्णेचे पाणी ज्या तापीला मिळते, तिच्याच काठी, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. व्यापारी आपापल्या घोड्यांसह तेथे अनेक दिवस तळ ठोकतात. चार पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी, गळ्यावर देवमण असलेला भाग्यवान, अशा खुणा पाहून तेथे किमती ठरतात. जैन वाचकाला ‘पंचकल्याणी’ हा शब्द ऐकताच तीर्थंकरांची पाच कल्याणके आठवावीत आणि तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछन घोडाच आहे, हेही स्मरावे, हे स्वाभाविक आहे. तथापि लांबच्या वाटेवर निघणाऱ्याने भोवऱ्यांपेक्षा टापा, दात, पाठ आणि श्वास यांची पारख करावी. खूण शुभ असेलही. परंतु सुजलेल्या पायाने घाट चढवत नाही.

वऱ्हाडातील अशा प्रवासाचा योग्य काळ कार्तिक ते माघ. पावसाळ्यात काळी माती नालासकट टाप धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तीच माती हातभर भेगाळते. त्या भेगांत घोड्याचा पाय अडकण्याचे भय असते. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा घोडा काय, पाखरूही दुपारी हलत नाही. हिवाळ्यात मात्र शेतांतून नवा कडबा निघालेला असतो आणि खळ्यांवर तुरीचे, सोयाबीनचे कुटार मिळते. कुटार घोड्याला एकदम भरपूर घालू नये. घरून आणलेल्या चाऱ्यात थोडे थोडे मिसळून सवय करावी. दिवसाची चाल २५ ते ३० किलोमीटरांहून अधिक नसावी. कदमचालीने घोडा तासाला सुमारे सहा किलोमीटर जातो, म्हणजे सकाळी लवकर निघालेला स्वार दुपार कलण्यापूर्वी तळावर पोहोचतो.

तळावरचा क्रम ठरलेला असतो. प्रथम घोड्याला हाताने फिरवून श्वास शांत होऊ द्यावा. मग खोगीर उतरवून पाठ चाचपावी. कोठे गरम लागले, केस उलटे झाले, तर दुसऱ्या दिवशी त्या घोड्यावर बसू नये. मग पाणी, मग वैरण आणि तासाभराने तोबऱ्यात चंदी. खरारा करताना टापांच्या खाचेतील खडे आणि बाभळीचे काटे काढावेत. झाडाच्या खोडाला घोडा थेट बांधला तर तो साल कुरतडतो. म्हणून दोन झाडांमध्ये उंचावर दोर ताणून, खोडाला जाड कापडी पट्टा गुंडाळून त्या दोराला घोडे बांधावेत. आगाडी-पिछाडीची जुनी पद्धत सैन्याच्या सोयीची होती. परंतु पाय जखडलेला घोडा भ्याला तर स्वतःलाच जखमी करतो. सकाळी लीद गोळा करून शेतकऱ्याच्या उकिरड्यावर टाकावी आणि जागा आली तशी स्वच्छ ठेवावी. ही सारी कामे उजेडात उरकावी लागतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या जैन कुटुंबाला हे वेळापत्रक नवे वाटणार नाही. पाणी गाळून पिण्याची सवयही तळावर उपयोगीच पडते.

या वाटेवर दोन ठिकाणी डोंगर बोलावतो. अकोटच्या उत्तरेस शहानूरवरून नरनाळा किल्ल्याकडे जाता येते. फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने १४८७ मध्ये बांधविलेला तेथील महाकाली दरवाजा आणि माथ्यावरील तलाव पाहिले, म्हणजे किल्ला बांधणाऱ्यांनीही आधी पाण्याचाच विचार केला होता हे कळते. दुसरे ठिकाण म्हणजे परतवाड्याहून चिखलदरा व गाविलगड. परंतु येथे स्वाराने आपली हौस आवरली पाहिजे. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक असून नरनाळ्याचा परिसरही अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतील पाळीव जनावरांचे लसीकरण आवश्यक मानले आहे. घोड्यांच्या रोगांपैकी ग्लँडर्स हा तर माणसालाही होतो. तेव्हा रक्ततपासणीचा दाखला, धनुर्वाताची लस आणि वन विभागाची परवानगी यांवाचून डोंगराकडे वळू नये, आणि रात्रीचा तळ पायथ्याच्या गावातच, शेतमालकाला विचारून द्यावा. वाघाच्या रानात घोडा बांधून झोपणे हे शौर्य नव्हे. ज्याला सुटता येत नाही, त्या जिवावर टाकलेली ती जोखीम आहे.

परतवाड्याहून जवळच मुक्तागिरी आहे. मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात असले तरी हे सिद्धक्षेत्र वऱ्हाडच्या श्रावकांना आपल्या अंगणासारखे आहे. येथे घोडा पायथ्याशी सावलीत, क्षेत्राच्या व्यवस्थापनाच्या अनुमतीनेच थांबतो. डोंगरावरील बावन्न मंदिरांचे दर्शन अनवाणी, पायी घ्यावयाचे असते. सकाळभर दुसऱ्याच्या पाठीवरून आलेला माणूस पायऱ्या चढू लागतो, तेव्हा त्याला दम लागतो, तहान लागते, गुडघे बोलू लागतात. आपले वजन वाहणे म्हणजे काय, हे त्याला तेथे प्रथमच कळते.

आणि या प्रवासाचे मर्मही बहुधा हेच आहे. गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे अतिचार सांगताना जैन आचार्यांनी केवळ मारण्याचा विचार केला नाही. जनावराला जखडून बांधणे, त्याच्यावर झेपेल त्याहून अधिक भार लादणे, त्याचे खाणेपिणे अडविणे, हेही दोष त्यांनी नावानिशी गणले. ज्याच्या दारी घोडा नाही, त्याला अतिभारारोपण हा शब्द प्रतिक्रमणापुरता राहतो. घोड्यासह वाटेवर निघालेल्याला मात्र तो रोज मोजावा लागतो. घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकेच ओझे त्याच्या पाठीवर असावे, असा जाणकारांचा संकेत आहे. साडेतीनशे किलोच्या घोड्याला म्हणजे स्वार, खोगीर आणि सामान मिळून सत्तर किलो. हे गणित बहुतेक माणसांना अडचणीत टाकणारे आहे. भारी माणसाने मोठा घोडा निवडावा, सामान दुसऱ्या जनावरावर द्यावे, आणि चिखलदऱ्याच्या सुमारे सातशे मीटरच्या चढावर उतरून घोड्याच्या बाजूने चालावे. थंड हवेच्या ठिकाणी भाड्याच्या घोड्यावर बसणाऱ्या कुटुंबानेही हे गणित मनात ठेवले, तर अनेक मुक्या पाठींचा भार हलका होईल.

गावच्या विहिरींपाशी पूर्वी जनावरांसाठी दगडी हाळ असत. पाणी शेंदणारा माणूस आपली घागर भरली, की एक पोहरा हाळात ओतून जाई. वाटसरूचे जनावर कोणाचे, कोणत्या गावचे, हे विचारले जात नसे. मोटारी आल्या, नळ आले आणि बहुतेक हाळ कोरडे पडले. काही माती भरून बुजले. खारपाणपट्ट्यातून पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर असा एखादा हाळ पुन्हा धुऊन भरला गेला, तर त्याचा लाभ वर्षाकाठी येणाऱ्या चार-दोन घोडेस्वारांपेक्षा मेंढपाळांच्या कळपांना, मोकाट गुरांना आणि चैत्रात तहानेने कासावीस झालेल्या पाखरांना अधिक होईल. जीवदयेसाठी देणगी देणारी घरे वऱ्हाडात थोडी नाहीत. त्यांच्या गावाबाहेरच्या विहिरीवरचा हाळ आज कोणत्या स्थितीत आहे, हे पाहायला घोडा लागत नाही. संध्याकाळी तेथवर चालत गेले, तरी पुरे आहे.