पोत्यावरचा शेतकरी

माझं माहेर वसमत तालुक्यातलं, सासर औंढ्याकडचं आणि नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिन्हीकडे हळद आहे. फेब्रुवारी लागला की पाला कापून होतो, वावरात ट्रॅक्टर फिरतो, जमीन उकलते आणि त्याच्या मागोमाग बायांची रांग बसते. कंद उचलायचा, माती झाडायची, मुळ्या तोडायच्या. जेठा गड्डा एका ढिगात, बगल गड्डे दुसऱ्यात, हळकुंडं तिसऱ्यात. पुढं हळद शिजवायचा कुकर, पॉलिशचा ड्रम, हिंगोलीच्या मार्केट यार्डात न्यायची गाडी ही पुरुषांची कामं. जिथं यंत्र आलं तिथं पुरुष आला, आणि जे बोटांनीच करावं लागतं ते बायांकडं राहिलं.

माझ्या आत्याची नखं त्या दिवसांत पिवळी होतात ती पाडवा उलटून गेला तरी पिवळीच असतात. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कडेला भेगा पडतात, त्यात माती आणि हळद बसते. रात्री खोबरेल लावून ती हात चुलीपुढं धरते. भाकरी थापताना पीठ भेगांत गेलं की दातावर दात धरते, पण बोलत नाही.

हीच हळद पाकिटात गेली की तिच्यावरची बाई बदलते. पाकिटावर एक तर गोऱ्या गालाला बोट लावून लाजणारी नवरी असते, नाही तर इस्त्रीच्या साडीतली, हसत वाढणारी आई. पिकवणारी कुठंच नसते.

हे मी चौथीच्या पोरांपुढं ठेवलं. घरात सापडतील ते छापील कागद आणा म्हटलं. खताची रिकामी पोती, बियाण्याच्या पिशव्या, फवारणीच्या औषधांची पत्रकं, साबणाचे कागद, मसाल्याची पाकिटं, किराणा दुकानाची कॅलेंडरं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या असं बरंच आलं. फरशीवर दोन रांगा केल्या. बाई काय करते आणि बुवा काय करतो. बाईच्या रांगेत भांडी, कपडे, स्वयंपाक, लेकराला दूध आणि आरशापुढं क्रीम. बुवाच्या रांगेत ट्रॅक्टर, मोटरसायकल, सिमेंट, पाण्याची मोटर. खताच्या प्रत्येक पोत्यावर फेटा बांधलेला, मिशीवाला, हातात कणीस घेतलेला शेतकरी.

एक पोरगा म्हणाला, "मॅडम, पोतं माझा बापच उचलतो, म्हणून त्याच्यावर बाप्या हाय." त्याच्या शेजारची पोरगी लगेच बोलली, "उचलतो तुझा बाप, पण घमेल्यात घेऊन टाकते कोण? तुझी माय." मग तिनं सगळे कागद पुन्हा उलटेपालटे करून पाहिले आणि मला विचारलं, "मॅडम, माझी माय कोणत्या कागदावर हाय?"

तिची माय माझ्या ओळखीची आहे. नवरा गेल्यापासून दोन एकर तीच पाहते. हळदीची पूर्ण रास तिच्या हातून जाते, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं, त्याला आता काही वर्षं झाली. आमच्याकडच्या हळदीकुंकवाचे बॅनर मात्र पूर्वीसारखेच छापले जातात आणि त्यांवरची बाई भरल्या कपाळाचीच असते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा जिल्हाभर आनंद झाला, मलाही झाला. त्या मानात या बाईच्या बोटांचा वाटा आहे, आणि तो चित्रात दिसला पाहिजे असं मला फार वाटतं.

रंगाचं दुखणं याहून जुनं. गोरेपणाची एक गाजलेली क्रीम आपल्या देशात १९७५ साली बाजारात आली. सावळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही, आणि क्रीम लावताच दोन्ही मिळतात, ही गोष्ट आपण कितीतरी वर्षं पाहिली. २०२० साली त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला आणि तिथं 'ग्लो' आला. माझ्या वर्गातल्या पोरी उन्हात वेचणी करून शाळेत येतात आणि तोंडाला पावडर फासून बसतात. दहा वर्षांच्या पोरीला आपला रंग लपवावा वाटतो, हे मला सहन होत नाही.

पण मी लिहायला बसले ते रंगासाठी नाही. एका वर्षी लागवडीच्या आधी गावात एका औषध कंपनीचा मेळावा झाला. मंदिरापुढं मंडप, खुर्च्या, चहा. पत्रकावर पुन्हा तोच फेटेवाला आणि वर मोठ्या अक्षरांत 'शेतकरी बंधूंनो'. बेणं लावायच्या आधी कीडनाशक आणि बुरशीनाशकाच्या द्रावणात १५-२० मिनिटं कसं बुडवायचं, हात कसे झाकायचे, डबे कुठं टाकायचे, हे त्या माणसानं नीट समजावून सांगितलं. सांगण्यात काही खोट नव्हती. खुर्च्यांवर मात्र एकही बाई नव्हती. बाया त्या वेळी आखाड्यावर बेणं निवडत होत्या, आणि त्यांना बोलवावं असं कुणालाही सुचलं नाही.

चार दिवसांनी बेणं बुडवायला बसल्या त्या बायाच. पाटीत बेणं, ड्रममध्ये औषध, हात उघडे. हातमोज्यांचा जोड घरी आला होता, तो कपाटावर तसाच पडला होता. संध्याकाळपर्यंत आत्याच्या हातांची आग व्हायला लागली, डोळे चुरचुरायला लागले. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषध कोणतं होतं? आत्याला नाव सांगता येईना, डब्यावरचं तिला कुणी वाचून दाखवलंच नव्हतं. ती म्हणाली, "मला काय म्हाईत, ते मान्सायला सांगितलं."

जाहिरात काढणाऱ्याच्या डोळ्यापुढं शेतकरी म्हणून पुरुष असतो, म्हणून मंडप पुरुषांसाठी पडतो, माहिती पुरुषांच्या कानी जाते, आणि विष बायांच्या हाताला लागतं. चित्र चुकलं की इतकं पुढपर्यंत चुकत जातं. यार्डातली पट्टीही बहुतेक घरांत पुरुषाच्याच नावानं निघते. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार शेतकऱ्यांत बाया जेमतेम १४ टक्के निघाल्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला महिलांचं अधिवेशन घेतलं, पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, आणि महाराष्ट्रातल्या हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. पोत्यावरचं चित्र काढणाऱ्यापर्यंत ती गोष्ट अजून पोचलेली नाही.

शहरातल्या जाहिराती बदलताहेत, हे मान्य आहे. कपडे धुण्यात नवऱ्यानं वाटा उचलावा असं सांगणारी एरियलची मोहीम २०१५ सालची. ती मला आवडली होती, पण तिच्यात वॉशिंग मशीन होतं. आमच्याकडं बाया पूर्णेच्या कालव्यावर धुणं नेतात.

मला खरा आधार वाटला तो बालभारतीचा. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, कपड्यांना इस्त्री करणारा पुरुष दाखवला, वाहतूक पोलीस बाई दाखवली. काही पालक हसले. एका आजोबांनी मला बोलावून विचारलं, हे काय शिकवता? मी म्हटलं, तुमची सून वावरात जाते तेव्हा चहा कोण करतं? "मीच करतो," म्हणाले. मग पुस्तकात ते छापलं तर बिघडलं काय? पुढं ते काही बोलले नाहीत, पण नातवाचं पुस्तक मागून घेऊन ते चित्र त्यांनी पुन्हा पाहिलं.

आत्याला झालेल्या त्रासानंतर आम्ही बचत गटाच्या बैठकीत कृषी सहायकांना बोलावलं. बायांच्या वेळेला, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर. त्यांनी डबे समोर ठेवून त्यावरचे रंगीत त्रिकोण समजावले. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. बायांनी इतके प्रश्न विचारले की घरी जायला उशीर झाला. आता आमच्या गावात बेणं बुडवताना हातमोजे दिसतात.

जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या मुंबईच्या ॲड्व्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनंही २०२२ साली स्त्री-पुरुषांच्या ठरावीक साच्यांबद्दल नियम केले आहेत. बाई स्वयंपाक करताना दाखवायला त्यात मनाई नाही, पण ते काम फक्त तिचंच आहे असं सुचवायला आहे. सावळ्या रंगाला कमी लेखू नये, हे तर २०१४ पासूनच सांगितलेलं आहे. तक्रार कुणालाही करता येते, पैसे पडत नाहीत. तालुक्याच्या रस्त्यावरच्या भिंती आणि कृषी सेवा केंद्राची कॅलेंडरं मुंबईतून कुणाला दिसणार? ती आपणच पाहायची आणि आपणच बोलायचं.

बियाणं, खत, औषध विकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या मालावर बाईचा चेहरा छापा, आणि तो नटीचा नको, कंद निवडणाऱ्या बाईचा छापा. पुढच्या मेळाव्याचं निमंत्रण तिच्या नावानं पाठवा. आणि हे वाचणाऱ्या शेतकरी भावांनो, तुमच्या घरी हातमोज्यांचा जोड आला असेल तर तो आजच तिच्या हातात द्या.