घराखालची जागा कोणाची?

दापोडीला पवना मुळेला मिळते. तिथून जवळच आमचे माहेरचे घर आहे. अब्बा पिंपरीच्या कंपनीत नोकरीला लागले, पै-पै साठवून जागा घेतली आणि घर बांधले. नदी जवळ म्हणून त्यांनी ते जमिनीवर न टेकवता नऊ खांबांवर उचलले. वर चार खोल्या, खाली मोकळी जागा. त्या जागेत सायकली असत, बकरी ईदचा बकरा बांधला जाई, रमजानमध्ये शेजाऱ्यांसह इफ्तारचे दस्तरखान पडे. माझी मेहंदीही तिथेच झाली.

आता अम्मीचे गुडघे गेले आहेत आणि जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. धाकट्या भावाच्या मनात आले की खाली भिंती घालाव्यात, एक खोली अम्मीला द्यावी आणि दोन भाड्याने लावाव्यात. भोसरी आणि चाकणच्या कंपन्यांत काम करणारी मुले खोल्या शोधतच असतात. विचार चुकीचा नव्हता. अब्बांच्या इंतकालानंतर घर अजून त्यांच्याच नावावर होते, म्हणून संमतिपत्रावर माझी सही हवी होती. मी म्हणाले, "सही देते, पण आधी विचारपूस करू." त्या विचारपुशीत जे कळले ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

पहिला प्रश्न खांबांचा. खालची उंची जेमतेम साडेसात फूट. राहत्या खोलीला नियमाने किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट उंची लागते. मिस्त्रीचा उपाय सोपा होता : जमीन दीड-दोन फूट खोदू आणि दरवाजा बसवायला एका खांबाचा कोपरा थोडा तासू. आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले. ते म्हणाले, खांबाच्या पायाभोवतीची माती त्याला धरून ठेवते. ती काढली की पाया उघडा पडतो, आणि काळ्या मातीत पावसाचे पाणी मुरले की तो खचू शकतो. खांब तासला तर आतली सळई उघडी पडून गंजते. एकाच बाजूला भिंती घातल्या तर भूकंपात घर पिळले जाते. अर्थात, खाली मोकळे खांब आणि वर भिंतींचे ओझे हीही भूकंपात कमजोर रचनाच. २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये खांबांवरच्या अनेक इमारती कोसळल्या. म्हणून भिंत घालायची असो वा खांब मजबूत करायचे असोत, आकडेमोड इंजिनिअरनेच करायला हवी.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते आणि खांबांना धक्का लावल्याची रहिवाशांची तक्रार होती. खाली काम करणारे वेगळे, वर राहणारे वेगळे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दिलेला जहाजाचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी पाण्यासाठी तळाला भोक पाडायचे ठरवले आणि वरच्यांनी त्यांना अडवले नाही, तर सगळेच बुडतील. घराचेही तसेच आहे.

दुसरा प्रश्न परवानगीचा. खांबांखालची मोकळी पार्किंगची जागा चटईक्षेत्रात मोजत नाहीत. भिंती घातल्या की ती मोजली जाते. म्हणजे "आपलेच घर, आपलेच छत" म्हणून भागत नाही. सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. घरपट्टीची पावती ही परवानगी नव्हे. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, पण त्याने ते अधिकृत होत नाही. अर्ज कुठे करायचा हेही आधी पाहावे. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत महापालिका, एमआयडीसीच्या भूखंडावर एमआयडीसी, चाकणकडे नगर परिषद की पीएमआरडीए हे जागेवर ठरते. जे फ्लॅटमध्ये राहतात त्यांनी एवढे लक्षात ठेवावे : दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले की इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा सामाईक आहे, बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही.

तिसरा प्रश्न वारसांचा. आमच्या घरात अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात भावाचे दोन वाटे आणि माझा एक. खालची जमीनही त्याच हिशेबाने सगळ्यांची. भाऊ स्वतःच्या पैशाने खोल्या बांधणार असेल, तर उद्या त्या कोणाच्या? भाडे कोणाचे? खर्च त्याला परत कसा मिळणार? या गोष्टी प्रेमात विचारायच्या नसतात असे आपल्याकडे समजतात, आणि मग दहा वर्षांनी भाऊ-बहीण ईदलाही एकमेकांकडे जात नाहीत. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, ती घरच्या माणसांना वगळून नाही. आधी वारसनोंद, मग लेखी करार, मग वीट.

चौथा प्रश्न आमच्यासाठी निर्णायक ठरला. जलसंपदा विभागाने नदीकाठी दोन पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. चिखलीत इंद्रायणीकाठचे ३६ बंगले मे २०२५ मध्ये याच कारणाने राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून पाडले गेले. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली, पण नदीपात्रातल्या अनधिकृत बांधकामांना ते संरक्षण नाही.

आमचे घर दोन रेषांच्या मधे निघाले. घर वाचले, पण पुराच्या पातळीखाली राहत्या खोल्या काढता येणार नाहीत हे स्पष्ट झाले. भाऊ म्हणाला, "आपा, पाणी काय रोज येते?" रोज येत नाही. पण २०१९ ला आले, २०२४ च्या जुलैमध्येही सांगवी-दापोडीच्या काठच्या वस्त्यांत शिरले. रात्रपाळी करून आलेला, परगावचा एखादा मुलगा दार लावून दिवसा गाढ झोपलेला असेल आणि धरणातून पाणी सोडलेले असेल. त्याला आपल्या नदीची सवय नाही. त्याच्याकडून घेतलेले भाडे मला हलाल वाटले नसते.

मी सही दिली नाही. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे लावले, मधल्या वळणावर बाक ठेवला. खांबांची दुरुस्ती मात्र इंजिनिअरच्या सल्ल्याने केली आणि तो खर्च हिश्श्याप्रमाणे वाटून घेतला. अम्मी आता दिवसातून एकदाच, असरनंतर खाली उतरते. भावाचे भाड्याचे उत्पन्न बुडाले, आणि तो अजून थोडा नाराज आहे. ती नाराजी मी समजू शकते. इन्शाअल्लाह ती निघेल. खचलेला खांब मात्र समजुतीने उभा राहत नाही.