कसे पडाल, त्यावर काय घालाल

मी पुण्यात रायडिंग गिअर विकतो. दुकानात आलेला पोरगा आधी लडाखचं बोलतो, आणि त्याचा हात जातो तीन थरांच्या जाडजूड टूरिंग जॅकेटकडे. मी विचारतो, “रोज गाडी कुठे चालवतोस?” उत्तर येतं, वारजे ते हिंजवडी. एप्रिलच्या उन्हात, सिग्नलला उभं राहून ते जॅकेट किती दिवस अंगावर टिकणार? आठवड्याभरात ते खुंटीला लागतं आणि पोरगा पुन्हा टी-शर्टवर गाडी काढतो. म्हणून रोज घालवेल तेच जॅकेट मी चांगलं मानतो.

दुसरा प्रश्न, पडलास तर कसा पडशील? हायवेवर माणूस घासत लांबवर जातो, तिथे कापडाची झीज सोसण्याची ताकद महत्त्वाची. चिखलात, दगडधोंड्यांत वेग कमी असतो, पण गाडी पायावर येते. तिथे जॅकेटच्या आधी घोटा आणि नडगी जपणाऱ्या उंच बुटांवर खर्च करावा. युरोपच्या ईएन १७०९२ मानकातले वर्ग याच हिशेबानं वाचावेत. ‘एएए’ घासण्याला सर्वांत जास्त टिकतं, त्याखाली ‘एए’, मग ‘ए’. शहरासाठी मी ‘ए’ वर्गाचं हवेशीर मेश जॅकेट देतो, हायवेवर दिवसभर चालवणाऱ्याला ‘एए’च्या खाली उतरू देत नाही. कोइमतूरच्या ट्रॅकवर निघालेल्याला मात्र चामड्याचा एकसंध सूटच हवा.

पाठीचा खिसा उघडून बघा. कित्येक जॅकेटांत तिथे नुसता फोमचा तुकडा असतो. मानक पाळणाऱ्या बॅक प्रोटेक्टरवर ईएन १६२१-२ असं छापलेलं असतं. त्याच्या चाचणीत पहिल्या लेव्हलला सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत धक्का आरपार गेलेला चालतो, दुसऱ्या लेव्हलला ९ पर्यंतच.

ग्लोव्हज घेताना तळवा उलटा करा. पडताना हात आपोआप पुढे जातो. खरखरीत डांबरावर तळवा अडला की अंगाचा सगळा भार मनगटावर येतो आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड हाड मोडतं. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते जुळायला फार वेळ घेतं. मनगटालगत तळव्यावर गुळगुळीत कडक चकती शिवलेली असली, तर हात न अडता घसरत पुढे जातो.

फिटिंग आरशासमोर उभं राहून कळत नाही. मी गिऱ्हाइकाला गाडीवर बसवतो, हँडल धरायला लावतो आणि कोपराचं आर्मर चिमटीत धरून फिरवतो. ते सरकलं, तर एक साइज कमी. गुडघ्याचंही तसंच, बसल्यावर ते वाटीवर यायला हवं. पावसाळ्यात ताम्हिणीला जाणाऱ्याला मी आतलं लायनर न देता वरून घालायचा रेनकोट देतो. लायनरनं अंग कोरडं राहतं, पण जॅकेट पाणी पिऊन जड आणि गार होतं.

शेवटी मी विचारतो, “मागे कोण बसतं?” बायको, बहीण किंवा मित्र असतो, आणि त्यांच्यासाठी घरात जुनं अर्धं हेल्मेट असतं. मागे बसलेलं माणूसही त्याच वेगानं त्याच रस्त्यावर पडतं. बजेट तोकडं असेल, तर स्वतःचं जॅकेट एका पायरीनं स्वस्त घ्या आणि उरलेल्या पैशांत त्यांच्यासाठी पूर्ण हेल्मेट आणि ग्लोव्हज घ्या.