अफूचा चीक

थरच्या वाळवंटात, मारवाडाच्या खेड्यांतून, दारी आलेल्या पाहुण्यापुढे अफू ठेवण्याची चाल फार जुनी. तिथे तिला ‘अमल’ म्हणतात. ती पाण्यात कालवायची, कापडातून गाळायची आणि यजमानाने स्वतःच्या ओंजळीतून पाहुण्याला पाजायची. पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे या ओंजळीच्या साक्षीने मिटली. तिला नकार देणे म्हणजे यजमानाचा मान मोडणे. या मानापायी जे कायमचे अमलाच्या स्वाधीन झाले, त्यांचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही.

हे झाड वाळूत रुजत नाही. ते वाढते शेजारच्या माळव्यात, नीमच-मंदसौरच्या काळ्या मातीत, आणि चितोडच्या परिसरात. माघात शेते पांढऱ्या फुलांनी भरून जातात. पाकळ्या गळाल्या की हिरवी बोंडे उरतात. पहिली चीर देण्याआधी देवीची पूजा होते. दुपारी बोंडाला चिरा दिल्या की रात्रभर दुधासारखा चीक पाझरतो आणि काळवंडतो. सकाळी तो खरवडून घेतात. पोपटांनाही या बोंडांची चटक लागते, म्हणून शेतांवर जाळी पसरावी लागते. माणसांसाठी जाळे आहे ते परवान्याचे. सगळा चीक सरकारी तराजूत पडला पाहिजे. ठरलेल्या मापाला उणा भरला, तर पुढल्या साली परवाना धोक्यात.

याच चिकातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने मॉर्फिन वेगळे केले. कर्करोगाच्या असह्य वेदनेवर आजही त्याचाच आधार आहे. भारतात १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध कठोर कायदा झाला. हेतू रास्तच होता. पण त्याचा धाक असा बसला की अनेक इस्पितळे आणि दुकानदार मॉर्फिन ठेवण्यास धजेनात. इथला चीक औषधांसाठी परदेशी जात राहिला आणि इथलाच रोगी रात्र रात्र तळमळत राहिला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट काहीशी मोकळी झाली. तरी पुष्कळ घरांपर्यंत ते औषध अद्याप पोचत नाही.

दिवाळीच्या अनारशावरची खसखस याच बोंडातली. ती हातावर घेताना कुणाला भय वाटत नाही. चिकाचे भय मात्र खरे आहे, आणि त्याची गरजही तितकीच खरी आहे. ओंजळीने त्याला माप लावले नाही. कायद्याने माप लावले, पण खाटेवर कण्हणारा माणूस त्याच्या मापात बसायचा राहून गेला.