सुईचे थरथरणे

आमच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी राहिली आणि दहावीचा चुंबकत्वाचा धडा माझ्याकडे आला. मी मराठीचा एम.ए. भालकी-औरादकडच्या मराठी शाळेत हेडमास्तराला काय काय करावे लागते, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. टेबलावर होकायंत्र ठेवून धडा सुरू केला, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, ही सुई कधी हलतच नाही का?"

त्या प्रश्नाने मला महिनाभर पुस्तके चाळायला लावली.

सुई हलते. सतत हलते. पृथ्वीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या वाऱ्यात उभे असते. हा वारा सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाने वाहतो. त्याच्या धक्क्यांनी, घर्षणाने या क्षेत्रात लाटा उठतात. काही लाटांचा एक हेलकावा सेकंदाच्या अंशात पुरा होतो, काहींना दहा मिनिटे लागतात. आपल्या कानाला सेकंदाला वीसहून कमी कंपने ऐकू येत नाहीत. इथे एका कंपनालाच अर्धा-अर्धा मिनिट लागतो! आणि हालचाल तरी किती? आपल्याकडे क्षेत्राचे आडवे बळ सुमारे चाळीस हजार नॅनोटेस्ला, आणि नेहमीचा हेलकावा एखाद्या नॅनोटेस्लाचा. दोन सेंटिमीटर लांबीच्या सुईचे टोक त्याने केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढेसुद्धा सरकत नाही. त्यातून आमच्या वर्गात लोखंडी बाके. मुलीला दिसणार कसे?

पण मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ते मोठे हलणे दिसले होते. तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात. २ सप्टेंबर १८५९ रोजी भर दिवसा टांगलेली चुंबके अशी भरकटली, की नोंद घेणाऱ्यांनी तासातासाची वाचने सोडून काही मिनिटांच्या अंतराने वाचने लिहून काढली. छायाचित्रण करणारी उपकरणे तिथे अजून आली नव्हती. दुर्बिणीतून पाहायचे आणि हाताने लिहायचे. क्षेत्र सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी खाली गेले होते. पुढे २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि त्या महावादळाचे मोजमाप जगापुढे ठेवले. त्याच वादळात लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या नोंदींत बाल्फोर स्ट्युअर्टला लहान, ठरावीक हेलकावे दिसले. ते त्याने १८६१ मध्ये छापले. या स्पंदनांचा अभ्यास तिथून सुरू झाला म्हणतात. त्या वर्षी आमच्या हुमनाबादजवळ माणिकनगरात माणिकप्रभू होते, दरबारात पदे गायली जात होती. तंबोऱ्याच्या तारेखाली मुंबईची सुई थरथरत होती, असे मनात आले की उगीच बरे वाटते.

तारेची उपमा मात्र उगीच नाही. स्वीडनच्या हॅनेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये सांगितले, की विद्युतवाहक द्रवात चुंबकीय रेषा ताणलेल्या तारेसारख्या कंप पावतात. (त्यांना १९७० चे नोबेल मिळाले.) पृथ्वीच्या रेषा दक्षिणेकडून वर चढून उत्तरेकडे उतरतात, दोन्ही टोके वातावरणाच्या वरच्या थरात बांधलेली. लांब तारेचा सूर खाली, आखूड तारेचा वर, अगदी वीणेसारखे.

आणि आमची तार? बीदर चुंबकीय विषुववृत्ताच्या इतके जवळ, की इथली रेषा दोनशे किलोमीटरच्या आतच वळून खाली येते. ती त्या जाड थरातून वर निघतच नाही, म्हणून स्वतः गुणगुणत नाही. इथे पोचते ते दूरच्या, लांब तारांवरचे किंवा सौरवाऱ्यात पृथ्वीच्या पुढ्यात उठलेले कंपन. हे वाचताना मी थांबलो. पुण्या-मुंबईचे मासिक आठवड्याने हाती येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला हे काही नवीन नव्हते.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची सुई बिघडणार, हे उघड होते. मग नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागला, चुंबकाला न ओढणाऱ्या सामानाची वेधशाळा उभी राहिली. मला सर्वांत आवडले ते पुढचे. कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जोडता यावेत. ट्राम आली ती १९०७ मध्ये. ती साखळी आजही अलिबागला चालू आहे.

यंदा जूनमध्ये विज्ञानाच्या बाई आल्या. कन्नड माध्यमात शिकलेल्या, मराठी समजते पण शिकवताना अडते. मला निवृत्तीला दीड वर्ष उरले आहे. त्यांच्या तासाला मी मागच्या बाकावर बसतो. त्या फळ्यावर 'अले' लिहितात, मी उठून शेजारी 'लाट' लिहितो. चुंबकाला त्यांनी 'अयस्कांत' लिहिले तेव्हा मी तसाच बसून राहिलो. तो शब्द आम्हा दोघांचाही निघाला.